एसक्यूलाइट अडले तर कुठून शोधायला लागावे

मुंबईतल्या एखाद्या गृहनिर्माण सोसायटीसाठी देखभाल शुल्काची बिले, पावत्या आणि फाटकावरची ये-जा नोंदवणारा छोटा प्रोग्रॅम लिहायचा असेल, तर त्यासाठी वेगळा डेटाबेस सर्व्हर उभा करण्याची गरज नसते. एसक्यूलाइट ही लायब्ररी तुमच्या प्रोग्रॅमच्या आतच चालते आणि सगळा डेटा एका फाईलमध्ये ठेवते. रिचर्ड हिप यांनी २००० साली ती प्रथम प्रसिद्ध केली. तिच्यावर कोणाचा कॉपीराइट नाही आणि आज अँड्रॉइड फोन आणि आयफोन या दोहोंत ती आधीपासूनच असते. त्यामुळे सुरुवात करणे फार सोपे जाते. अडचणी येतात त्या पुढे, आणि त्यांतल्या बहुतेकांचे मूळ एकच असते: पलीकडे कोणी सर्व्हर बसलेला नाही, आहे ती फक्त एक फाईल, आणि तिला उघडणारा, कुलूप लावणारा आणि तिच्यात लिहिणारा आपलाच प्रोग्रॅम आहे, याचा विसर पडतो. पोस्टग्रेस किंवा मायएसक्यूएल या सर्व्हरवर चालणाऱ्या डेटाबेसांमध्ये सर्व्हर जी राखण करतो, तिच्यातला बराच भाग इथे आपल्याकडे येतो.

पुढची उदाहरणे अशाच एका सोसायटीच्या प्रोग्रॅममधली आहेत आणि जिथे भाषेचा संबंध येतो तिथे पायथन गृहीत धरले आहे. आज्ञा आणि चुकांचे संदेश उच्चाराप्रमाणे नागरीत लिहिले आहेत; टाइप करताना आज्ञा अर्थातच रोमन लिपीत द्याव्यात.

पहिली पायरी: नेमकी कोणती फाईल उघडली आहे?

"नो सच टेबल" हा संदेश नवशिक्याला सर्वांत आधी भेटतो. टेबल कालच तयार केले होते, त्यात सभासदांची नावेही होती, आणि आज प्रोग्रॅम म्हणतो की असे टेबलच नाही. अशा वेळी टेबल हरवलेले नसते. आपण दुसरीच फाईल उघडलेली असते. दिलेल्या जागी फाईल सापडली नाही तर एसक्यूलाइट तक्रार करत नाही, त्या नावाची नवी रिकामी फाईल मुकाट्याने तयार करते. कोडमध्ये नुसते "सोसायटी.डीबी" असे लिहिले असेल, तर ती फाईल प्रोग्रॅम ज्या फोल्डरमधून सुरू झाला त्या फोल्डरमध्ये शोधली जाते, आणि तो फोल्डर एडिटरमधून चालवताना वेगळा, डबल क्लिक केल्यावर वेगळा आणि टास्क शेड्युलरने चालवल्यावर तिसराच असू शकतो.

तपासायचे असे. कनेक्शन उघडल्यावर लगेच "प्राग्मा डेटाबेस_लिस्ट" ही आज्ञा द्यावी; उघडलेल्या फाईलचा पूर्ण पत्ता समोर येतो. त्या पत्त्यावर शून्य बाइटची फाईल दिसली, तर निदान तिथेच झाले. उपाय म्हणून कोडमध्ये नेहमी पूर्ण पत्ता बांधून द्यावा, आणि फाईल आधीपासून असायलाच हवी अशी अपेक्षा असेल तिथे यूआरआय पद्धतीने, म्हणजे फाईलचा पत्ता वेब पत्त्यासारखा लिहून, "मोड=आरडब्ल्यू" देऊन ती उघडावी, म्हणजे ती नसल्यास नवी तयार न होता स्पष्ट चूक मिळेल.

याच घरातले आणखी दोन संदेश आहेत. "अनेबल टू ओपन डेटाबेस फाइल" म्हणजे बहुधा फोल्डरच अस्तित्वात नाही किंवा तिथे जायची परवानगी नाही. "अटेम्प्ट टू राइट अ रीडओन्ली डेटाबेस" हा अधिक फसवा आहे, कारण फाईलवर लिहिण्याची परवानगी असूनही तो येऊ शकतो. एसक्यूलाइटला मूळ फाईलच्या शेजारी जर्नल नावाची तात्पुरती फाईल तयार करावी लागते, म्हणून परवानगी फाईलवर आणि तिच्या फोल्डरवर अशी दोन्हीकडे लागते. विंडोजवर डेटाबेस प्रोग्रॅम फाइल्सच्या फोल्डरमध्ये ठेवणे या कारणासाठी टाळावे. वापरणाऱ्याच्या स्वतःच्या डेटा फोल्डरमध्ये तो ठेवावा. अँड्रॉइडवर अ‍ॅपसोबत दिलेली तयार डेटाबेस फाईल असेट्समधून थेट उघडत नाही. आधी ती अ‍ॅपच्या स्वतःच्या जागेत उतरवून घ्यावी लागते.

दुसरी पायरी: संदेश गिळू नका, क्रमांक वाचा

कोडमध्ये सगळ्या चुका एकाच जाळ्यात पकडून "काहीतरी चुकले" एवढेच दाखवण्याची सवय पुष्कळांना असते. ती इथे महागात पडते, कारण एसक्यूलाइटचे चुकांचे क्रमांक खरोखर उपयोगी आहेत. ५ म्हणजे बिझी, अर्थात दुसऱ्या कनेक्शनने फाईल धरून ठेवली आहे. ६ म्हणजे लॉक्ड, म्हणजे भांडण बहुधा आपल्याच कनेक्शनच्या आत आहे. ११ म्हणजे फाईल बिघडली आहे, १३ म्हणजे डिस्क भरली आहे, १४ म्हणजे फाईल उघडता आली नाही, १९ म्हणजे एखादा नियम मोडला गेला आहे आणि २६ म्हणजे ही फाईल मुळात एसक्यूलाइटची दिसत नाही. पायथनमध्ये ३.११ आवृत्तीपासून हा क्रमांक आणि त्याचे नाव एक्सेप्शनसोबतच मिळते. लॉगमध्ये ते जरूर लिहावे. सोसायटीचे चिटणीस फोनवर "प्रोग्रॅम चालत नाही" एवढेच सांगतात, त्यातून कोणालाच काही कळत नाही.

तिसरी पायरी: "डेटाबेस इज लॉक्ड"

या एका संदेशावर जितका वेळ जातो तितका बाकी सगळ्यांवर मिळून जात नसेल, म्हणून इथे थोडे थांबू. नियम साधा आहे: एका फाईलमध्ये एका वेळी एकच कनेक्शन लिहू शकते. खजिनदार महिन्याची बिले तयार करत असताना त्याच क्षणी फाटकावरच्या टॅबलेटवरून आलेली नोंद लिहायची वेळ आली, तर एकाला थांबावे लागणारच. प्रश्न एवढाच उरतो की किती वेळ थांबायचे, आणि पहिला माणूस गरजेपेक्षा जास्त वेळ कुलूप धरून बसला आहे का.

सर्वांत आधी कोडच्या बाहेर पाहावे. डीबी ब्राउझरसारख्या साधनात फाईल उघडून एखादी ओळ दुरुस्त केली आणि बदल जतन करण्याचे बटण दाबायचे राहिले, तर ते साधन कुलूप धरून ठेवते आणि आपला प्रोग्रॅम मात्र विनाकारण गुन्हेगार ठरतो. ती खिडकी बंद करून पुन्हा प्रयत्न करावा. त्याचप्रमाणे आधीच्या वेळी अर्धवट बंद पडलेली प्रोग्रॅमची दुसरी प्रत मागे चालू नाही ना, हे टास्क मॅनेजरमध्ये पाहावे.

मग कोडकडे वळावे. एसक्यूलाइट मुळात अजिबात थांबत नाही. कुलूप दिसले की ताबडतोब बिझी म्हणून परत येते. पायथन आपल्या बाजूने ५ सेकंदांची मुदत घालते, इतर भाषांत ती "प्राग्मा बिझी_टाइमआउट" देऊन स्वतः घालावी लागते आणि तिची किंमत मिलिसेकंदांत असते. मुदत घालूनही संदेश येत असेल, तर कुठलेतरी ट्रान्झॅक्शन, म्हणजे एकत्रच पक्का किंवा एकत्रच रद्द होणारा बदलांचा गट, लांबले आहे असे समजावे. नेहमीचे दृश्य असे असते: प्रोग्रॅम बिल अपडेट करतो, मग सभासदाला एसएमएस पाठवण्यासाठी इंटरनेटवरच्या सेवेला हाक मारतो, तिचे उत्तर यायला दहा सेकंद लागतात, आणि कमिट, म्हणजे बदल पक्के करणे, त्यानंतर होते. त्या दहा सेकंदांत फाटकावरची एकही नोंद लिहिली जात नाही. ट्रान्झॅक्शन उघडे असताना नेटवर्क, प्रिंटर किंवा माणसाचे उत्तर यांपैकी कशाचीही वाट पाहू नये; आधी कमिट करावे, मग एसएमएस पाठवावा.

एक प्रकार मात्र मुदतीने सुटत नाही, आणि तो कळला नाही तर माणूस टाइमआउट वाढवत बसतो. दोन कनेक्शनांनी साध्या "बिगिन"ने ट्रान्झॅक्शन सुरू केले, दोघांनी आधी वाचले, आणि मग दोघांनाही लिहायचे झाले, तर एकमेकांची वाट पाहून काहीच साधणार नाही हे ओळखून एसक्यूलाइट एकाला लगेच परत पाठवते. मुदत कितीही असो. ज्या ट्रान्झॅक्शनमध्ये पुढे लिहायचे आहे हे आधीच माहीत आहे, ते "बिगिन इमिजिएट"ने सुरू करावे. मग रांग दाराशीच लागते आणि मुदतही पाळली जाते. ही सवय पहिल्या दिवसापासून लावून घ्यावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

याच्या जोडीला वॉल (राइट-अहेड लॉग) मोड आहे. २०१० मध्ये ३.७.० आवृत्तीत आलेल्या या पद्धतीत नवे बदल मूळ फाईलऐवजी शेजारच्या वॉल फाईलमध्ये लिहिले जातात, त्यामुळे वाचणारे लिहिणाऱ्याला अडवत नाहीत आणि लिहिणाराही वाचणाऱ्यांना अडवत नाही. लिहिणारा अजूनही एकच, हे मात्र कायम. "प्राग्मा जर्नल_मोड = वॉल" एकदा दिले की ते त्या फाईललाच चिकटते, प्रत्येक वेळी द्यावे लागत नाही. बहुतेक छोट्या प्रोग्रॅमांनी हा मोड निःशंक वापरावा. वॉल फाईल साधारण १००० पानांची (पान म्हणजे फाईलचा ठरावीक आकाराचा तुकडा) झाली की तिच्यातला मजकूर मूळ फाईलमध्ये उतरवला जातो. पण एखादे वाचणारे कनेक्शन तासन्‌तास उघडे राहिले तर ते उतरवणे पूर्ण होत नाही आणि वॉल फाईल फुगत जाते. ती अवाच्या सवा मोठी दिसली, तर कुठेतरी न मिटलेला कर्सर, म्हणजे अर्धवट राहिलेले वाचन, शोधावे.

दोन गोष्टी मात्र कधीही करू नयेत. कुलूप निघावे म्हणून शेजारची जर्नल किंवा वॉल फाईल पुसू नये. इंटरनेटवर हा सल्ला सर्रास मिळतो आणि तो घातक आहे. प्रोग्रॅम मध्येच बंद पडला असेल तर अर्धवट बदल मागे घेण्यासाठी लागणारी माहिती त्या जर्नलमध्येच असते, आणि वॉलमध्ये तर कमिट झालेला, पण अजून मूळ फाईलमध्ये न उतरलेला डेटा असतो. दुसरे असे की कार्यालयातल्या संगणकाचा फोल्डर नेटवर्कवर शेअर करून दोन संगणकांवरून तीच फाईल उघडू नये. वॉल मोड नेटवर्क फाइल सिस्टिमवर चालतच नाही, आणि जर्नलचा जुना मोडही ज्या कुलपांवर विसंबून असतो ती कुलपे नेटवर्कवर अनेकदा नीट पाळली जात नाहीत. दोन यंत्रांना लिहायचे असेल तर एका संगणकावर एक लहान वेब सेवा चालवावी, फाईलला फक्त तिनेच हात लावावा आणि बाकीच्यांनी तिच्याशी बोलावे. एवढेही पुरत नसेल तर पोस्टग्रेसकडे जाण्यात कमीपणा नाही.

चौथी पायरी: लिहिले, पण दिसत नाही

पायथनमध्ये इन्सर्ट, अपडेट किंवा डिलीट केल्यावर ट्रान्झॅक्शन आपोआप उघडते, पण बंद आपोआप होत नाही. कमिट न करता कनेक्शन मिटले तर सगळे बदल मागे जातात आणि कसलीही चूक दिसत नाही. त्याच चालू प्रोग्रॅममध्ये सिलेक्ट केले तर ओळी दिसतात, म्हणून गोंधळ आणखी वाढतो. त्या फक्त त्याच कनेक्शनला दिसत असतात. "विथ" वापरल्यास कमिट होते, कनेक्शन मात्र बंद होत नाही, हेही ध्यानात असावे.

याच्या उलट बाजूला, प्रत्येक ओळीनंतर कमिट केले तर प्रोग्रॅम रखडतो. एसक्यूलाइटच्या अधिकृत दस्तऐवजात म्हटले आहे की साध्या डेस्कटॉपवर सेकंदाला ५०,००० किंवा अधिक इन्सर्ट सहज होतात, पण ट्रान्झॅक्शन मात्र काही डझनच. कारण प्रत्येक कमिटला मजकूर डिस्कवर खरोखर पोहोचल्याची खात्री करून घ्यावी लागते. तो आकडा फिरत्या डिस्कचा आहे, एसएसडीवर परिस्थिती पुष्कळ बरी असते, तरी तत्त्व तेच. महिन्याची सगळी बिले एकाच ट्रान्झॅक्शनमध्ये तयार करावीत. त्याने वेग तर मिळतोच, शिवाय मध्ये वीज गेली तर अर्ध्या सभासदांची बिले झाली आणि अर्ध्यांची नाही, असेही होत नाही.

पाचवी पायरी: अवतरणचिन्हे आणि किमती

क्वेरीमध्ये, म्हणजे डेटाबेसला दिलेल्या एसक्यूएल आज्ञेत, मजकूर जोडून वाक्य बनवू नये, प्रश्नचिन्ह ठेवून किंमत वेगळी द्यावी, हे सगळेच सांगतात. सुरक्षेचे कारण तर आहेच, पण मुंबईत त्याची प्रचिती त्याआधीच येते: वसई-वांद्र्याकडच्या एखाद्या डि'सोझा किंवा डि'मेलो कुटुंबाचे नाव रोमन लिपीत भरले की त्यातल्या चिन्हामुळे मजकूर तिथेच संपला असे समजून क्वेरी मोडते.

किंमत वेगळी देतानाही एक खड्डा आहे. पायथनमध्ये एकच किंमत कंसात दिली आणि तिच्यामागे स्वल्पविराम दिला नाही, तर तो टपल (किमतींची यादी) होत नाही, नुसती स्ट्रिंग (मजकूर) राहते, आणि तिचे एकेक अक्षर ही एकेक किंमत मानली जाते. "दादर" शोधायला गेल्यावर प्रोग्रॅम सांगतो की क्वेरीला १ किंमत हवी होती आणि ४ मिळाल्या. द, काना, द, र असे ते चार. हा संदेश आकड्यांसह वाचला की चूक लगेच उमगते.

मजकुराला नेहमी एकेरी अवतरणचिन्ह द्यावे. दुहेरी चिन्ह हे कॉलमच्या नावासाठी असते. पण त्या नावाचा कॉलम सापडला नाही तर एसक्यूलाइट जुन्या सवयीने त्यालाच मजकूर मानून पुढे जाते. कॉलमचे नाव चुकीचे लिहिले तरी चूक न येता भलतेच उत्तर येण्याचे हे एक कारण आहे.

सहावी पायरी: कॉलमचा प्रकार ही केवळ सूचना असते

इतर डेटाबेसांतून आलेल्या माणसाला इथे खरा धक्का बसतो. कॉलम "इंटिजर" म्हणून जाहीर केला तरी त्यात मजकूर ठेवता येतो, कारण एसक्यूलाइटमध्ये प्रकार किमतीला असतो, कॉलमला नाही. कॉलमला असते ती फक्त ओढ. या ओढीचे नियम न वाचता टेबल बनवले की काय होते ते पाहा. सभासदाच्या घरच्या फोनसाठी कॉलमचा प्रकार "स्ट्रिंग" असा लिहिला, कारण ते नाव ओळखीचे वाटले. एसक्यूलाइटच्या यादीत "स्ट्रिंग" नाही. अनोळखी नावाला ते संख्येची ओढ देते. आता ०२२ ने सुरू होणारा, मध्ये रेघ नसलेला मुंबईचा क्रमांक भरला की तो संख्या बनतो, पुढचे शून्य गळते आणि नंबर २२ पासून सुरू होतो. प्रकार "टेक्स्ट" असाच लिहायला हवा होता. जुना डेटा दुरुस्त करताना "टाइपऑफ" हे फंक्शन उपयोगी पडते. कुठल्या ओळीत प्रत्यक्षात काय साठले आहे ते त्यातून कळते.

मराठी कीबोर्डमुळे याच्या नेमके उलट घडते. रकमेच्या चौकटीत कोणी "४५००" असे देवनागरी आकड्यांत लिहिले, तर एसक्यूलाइटला तो आकडा वाटत नाही. इंटिजर कॉलममध्ये तो मजकूर म्हणूनच बसतो, पडद्यावर व्यवस्थित दिसतो, आणि "सम" (बेरीज) घेताना शून्य धरला जातो. वर्षअखेरीच्या बेरजेत तफावत येते आणि पावत्या तर सगळ्या जागेवर असतात. पायथनचे "इंट" देवनागरी आकडे बिनतक्रार वाचते, म्हणून किंमत डेटाबेसकडे देण्यापूर्वी त्यातून काढून घ्यावी.

नव्या टेबलांसाठी मात्र सरळ मार्ग उपलब्ध आहे. नोव्हेंबर २०२१ मध्ये आलेल्या ३.३७.० आवृत्तीपासून टेबलाच्या व्याख्येच्या शेवटी "स्ट्रिक्ट" लिहिता येते. मग "स्ट्रिंग" हा प्रकार टेबल बनवतानाच नाकारला जातो आणि इंटिजर कॉलममध्ये देवनागरी आकडा आला तर तिथल्या तिथे चूक मिळते. आवृत्ती परवानगी देत असेल तर याशिवाय टेबल बनवू नये.

पैशांच्या हिशोबात दोन सापळे आहेत. एक म्हणजे भागाकार: दोन्ही बाजूंना पूर्णांक असतील तर उत्तरही पूर्णांकच येते. थकबाकीवर वार्षिक २१ टक्के व्याज लावायचे म्हणून थकबाकीला कंसातल्या २१ भागिले १०० ने गुणले, की कंसाची किंमत शून्य होते आणि सगळ्यांचे व्याज शून्य निघते. सभासद अर्थातच तक्रार करत नाहीत, त्यामुळे ही चूक दीर्घायुषी ठरते. आधी गुणावे, मग भागावे. दुसरा सापळा अपूर्णांकांचा आहे. रुपये "रिअल" कॉलममध्ये ठेवले तर बेरजेत पैशाच्या दशांशांचे भुसकट उरते. रक्कम पैशांत, पूर्णांक म्हणून साठवावी आणि रुपये फक्त दाखवताना करावेत.

याच पायरीवर फॉरेन कीचे, म्हणजे एका टेबलातली ओळ दुसऱ्या टेबलातल्या ओळीला बांधणाऱ्या नियमांचे, सांगायला हवे. टेबलात त्या लिहिलेल्या असल्या तरी एसक्यूलाइट त्या मुळात पाळत नाही. जुन्या प्रोग्रॅमांना धक्का लागू नये म्हणून ही सोय बंद ठेवलेली असते आणि "प्राग्मा फॉरेन_कीज = ऑन" हे प्रत्येक कनेक्शन उघडल्यावर द्यावे लागते; वॉल मोडसारखे ते फाईलला चिकटत नाही. सभासद पुसला गेला आणि त्याच्या पावत्या मात्र अनाथ राहिल्या, तर कारण इथे असते. अशा ओळी "प्राग्मा फॉरेन_की_चेक" दाखवून देते.

सातवी पायरी: पहाटेच्या नोंदी आदल्या दिवशी का जातात

एसक्यूलाइटला स्वतंत्र तारीख हा प्रकार नाही, आणि "डेटटाइम" फंक्शनला "नाऊ" दिले की मिळते ती यूटीसी, म्हणजे जागतिक प्रमाणवेळ. भारताची वेळ तिच्यापुढे साडेपाच तास असल्यामुळे पहाटे साडेपाचपूर्वीची प्रत्येक नोंद आदल्या तारखेला पडते. दिवसभर चाचणी करणाऱ्या प्रोग्रॅमरला हे दिसत नाही. फाटकावर पाचच्या सुमारास दूधवाला आणि पेपरवाला येतात, त्यांच्या नोंदींत ते उघडे पडते. साठवताना यूटीसीच ठेवावे आणि दाखवताना किंवा दिवसवार बेरीज करताना "लोकलटाइम" जोडावे, हा नेहमीचा उपाय आहे. प्रोग्रॅम भाड्याच्या सर्व्हरवर चालत असेल तर तिथली स्थानिक वेळही बहुधा यूटीसीच असते, म्हणून तिथे "+३३० मिनिट्स" असे स्पष्ट लिहिणे अधिक भरवशाचे. तारीख मजकूर म्हणून ठेवायची तर वर्ष-महिना-दिवस याच क्रमाने ठेवावी. दिवस आधी लिहिल्यास तुलना आणि क्रमवारी दोन्ही बिघडतात.

आठवी पायरी: मराठी मजकूर

साठवण्यात काही अडचण नाही, यूटीएफ-८ व्यवस्थित सांभाळले जाते. अडचण क्रमवारी, लांबी आणि शोध या तीन ठिकाणी येते, आणि इंग्रजी मार्गदर्शकांत तिचा उल्लेख सहसा सापडत नाही.

क्रमवारी बाइटच्या क्रमाने लागते. युनिकोडमध्ये ळ हा ल च्या लगेच नंतर आणि व च्या आधी येतो. आपल्या वर्णमालेत तो ह नंतर येतो. म्हणून सभासदांच्या यादीत काळे हे कावळे आणि कासार यांच्या आधी दिसतात. वर्णमालेप्रमाणे क्रम हवा असेल तर आपले कोलेशन (अक्षरक्रमाचा नियम) लिहून "क्रिएट_कोलेशन"ने जोडता येते, पण ते प्रत्येक कनेक्शनवर नोंदवावे लागते; नाहीतर दुसऱ्या साधनात तीच फाईल उघडताना "नो सच कोलेशन सीक्वेन्स" असे उत्तर येते. मला त्यापेक्षा क्रमासाठी एक वेगळा कॉलम ठेवून त्यात ळ ऐवजी ह नंतर येणारे चिन्ह घातलेली प्रत साठवणे सोयीचे वाटते. "लेंग्थ" युनिकोड चिन्हे मोजते, म्हणून मुंबई या शब्दाची लांबी ५ येते. पावतीवर रकाने जुळवताना त्यावर विसंबू नये.

शोधाचा घोळ अधिक खोल आहे. कऱ्हाड हा शब्द दोन कीबोर्डांवर दोन तऱ्हांनी टाइप होऊ शकतो: एकात ऱ या स्वतंत्र चिन्हाला हलन्त जोडून, दुसऱ्यात साधा र, हलन्त आणि डोळ्यांना न दिसणारा जोडक घालून. पडद्यावर दोन्ही सारखेच दिसतात, पण बरोबरीच्या चिन्हाने तपासले तर जुळत नाहीत. शंका आली की त्या कॉलमवर "हेक्स" चालवावे; मध्ये ई२८०८डी दिसले तर तो न दिसणारा जोडक आहे. युनिकोडचे नेहमीचे एनएफसी रूपांतर इथे पुरत नाही, कारण ते जोडकाला हात लावत नाही. साठवण्यापूर्वी आपणच एक ठरलेले रूप करून घ्यावे आणि शोधायच्या शब्दावरही तेच रूपांतर चालवावे.

पूर्ण मजकुरात शोधण्यासाठी एफटीएस५ वापरणार असाल तर आणखी एक गोष्ट. त्याचा नेहमीचा टोकनायझर, म्हणजे मजकुराचे शब्द पाडणारा भाग, फक्त अक्षरे आणि अंक यांनाच शब्दाचा भाग मानतो. काना, मात्रा, वेलांटी, अनुस्वार ही युनिकोडच्या हिशोबात वेगळ्या वर्गात येत असल्याने तिथे शब्द तुटतो आणि मुंबईचे म, ब, ई असे तुकडे होतात. टेबल तयार करताना "कॅटेगरीज"च्या यादीत एमएन आणि एमसी हे दोन वर्ग जोडले की शब्द अखंड राहतात.

नववी पायरी: हळू चालते, किंवा दुसऱ्या यंत्रावर चालत नाही

क्वेरी हळू वाटली की तिच्यापुढे "एक्स्प्लेन क्वेरी प्लॅन" लावून पाहावे. उत्तरात "स्कॅन" असेल तर पूर्ण टेबल वाचले जात आहे, "सर्च" असेल तर इंडेक्स, म्हणजे पुस्तकाच्या सूचीसारखी शोधसूची, वापरला जात आहे. सोसायटीएवढ्या डेटाला ज्या कॉलमवर शोध घेतला जातो त्यावर एक इंडेक्स बहुधा पुरतो.

आपल्या संगणकावर चालणारी क्वेरी ग्राहकाच्या संगणकावर वाक्यरचनेची चूक म्हणून अडली, तर दोन्हीकडे "सिलेक्ट एसक्यूलाइट_व्हर्जन()" चालवावे. कॉलम काढून टाकण्याची सोय मार्च २०२१ च्या ३.३५.० मध्ये आली. त्याआधीच्या आवृत्तीला ती कळत नाही. अँड्रॉइडवर तर फोनागणिक आवृत्ती बदलते. टेबलांच्या रचनेत बदल करताना फाईलमधला "यूजर_व्हर्जन" हा आकडा वाढवत न्यावा आणि प्रोग्रॅम सुरू होताना तो वाचून राहिलेले बदल क्रमाने करावेत.

दहावी पायरी: बॅकअप आणि बिघडलेली फाईल

प्रोग्रॅम चालू असताना फाईलची नुसती कॉपी करणे म्हणजे बॅकअप नव्हे. मध्येच लिहिणे चालू असेल तर अर्धी जुनी आणि अर्धी नवी पाने मिळतात. वॉल मोडमध्ये तर ताजा डेटा शेजारच्या फाईलमध्येच राहून जातो. क्लाउडशी आपोआप जुळणाऱ्या फोल्डरात चालू डेटाबेस ठेवणे याच कारणाने धोक्याचे आहे. शेलमधली, म्हणजे एसक्यूलाइटच्या आज्ञा देण्याच्या खिडकीतली, "डॉट बॅकअप" ही आज्ञा, पायथनच्या कनेक्शनचे "बॅकअप", किंवा ३.२७.० पासून मिळालेले "व्हॅक्यूम इन्टू" यांपैकी काहीही वापरावे, आणि तयार झालेली प्रत मग क्लाउडवर न्यावी. जुन्या नोंदी पुसूनही फाईल लहान होत नाही असे दिसले तर घाबरू नये. मोकळी झालेली पाने पुढच्या नोंदींसाठी राखून ठेवली जातात. साधे "व्हॅक्यूम" चालवल्यावर फाईल आटते, पण त्या वेळी डिस्कवर मूळ फाईलच्या दुपटीपर्यंत मोकळी जागा लागू शकते.

"डेटाबेस डिस्क इमेज इज मालफॉर्म्ड" असा संदेश आला तर सर्वप्रथम प्रोग्रॅम बंद करावा आणि मूळ फाईल, तिच्या शेजारच्या जर्नल किंवा वॉल फाईलसह, वेगळ्या जागी उचलून ठेवावी. पुढचे सगळे प्रयोग प्रतीवर करावेत. प्रतीवर "प्राग्मा इंटेग्रिटी_चेक" चालवावे. दोष फक्त इंडेक्समध्ये निघाला तर "रीइंडेक्स"ने काम भागते. टेबलेच बिघडली असतील तर शेलमधली "डॉट रिकव्हर" ही आज्ञा, जी ३.२९.० पासून मिळते, वाचता येईल तेवढा मजकूर एसक्यूएलच्या रूपात बाहेर काढते. तो नव्या फाईलमध्ये भरावा. त्यानंतर नव्या फाईलवर फॉरेन कीची तपासणी करावी, "लॉस्ट_अँड_फाउंड" नावाचे टेबल तयार झाले आहे का ते पाहावे, कारण कुठल्या टेबलातल्या हे न कळलेल्या ओळी तिथे टाकलेल्या असतात, आणि पावत्यांचे क्रमांक सोसायटीकडच्या पावतीपुस्तकाच्या स्थळप्रतींशी एकेक करून ताडून मगच ती फाईल वापरात आणावी.